जुळी भावंडं, पण भाऊ वर्षाने मोठा

अमेरिकेच्या लिटल लीग या पोरांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेत पोराचं वय आईला विचारत नाहीत. बेसबॉलसाठी ते चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टला मोजतात, सॉफ्टबॉलसाठी आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. त्यामुळे एप्रिलमध्ये बारा पूर्ण करणाऱ्या जुळ्यांपैकी बेसबॉल खेळणारा भाऊ त्या मोसमात बाराचा, आणि सॉफ्टबॉलवाली बहीण अकराची! आपल्याकडे गुरुजींनी अख्खा वर्ग १ जूनला जन्माला घातला, पण जुळ्यांची फारकत करणं त्यांनाही सुचलं नव्हतं.

बेसबॉलमधला मेजर्स हा मानाचा गट बारापर्यंत. तेरावा वाढदिवस ३१ ऑगस्टला आला की बाहेर. १ सप्टेंबरला आला तर आत, वर गटातला सगळ्यात थोराड गडी. प्रसूतिगृहात घड्याळाकडे बघत कळा रोखून धरणारी एखादी दूरदर्शी माता असेलही.

नोंदणीला जन्मदाखला हवा. शिवाय पत्त्याचे तीन पुरावे, तेही तीन वेगवेगळ्या गटांतले. विजेचं बिल आणि पाण्याचं बिल मिळून एकच धरतात. मुलगा चेंडू फेकायला शिकेपर्यंत बाप फाइल लावण्यात तरबेज होतो.

एवढी तटबंदी असून २००१ साली ब्रॉंक्सच्या संघातून चौदा वर्षांचा पिचर बाराचा म्हणून शिरलाच. जागतिक स्पर्धेत त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेस गाठू दिला नाही, संघ तिसरा आला, टाळ्या झाल्या. नंतर पत्रकारांनी खरा जन्मदाखला शोधून काढला. विजय रद्द झाले आणि आजन्म बंदी आली ती वडिलांवर.