विलायती शाही मोटारी: होतकरूंसाठी पहिला धडा

बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्नाला गेलं की मुहूर्त टळेपर्यंत तासभर खुर्चीत बसावं लागतं आणि बाहेर लागलेल्या गाड्यांवर बोलावं लागतं. ज्याला बोलता येत नाही त्याला मठ्ठासुद्धा उशिरा मिळतो. अशांसाठी हे मार्गदर्शन.

आधी अडचण समजून घ्या. या दोन तालुक्यांची मोटारींशी सोयरीक जुनी, पण विलायतेशी नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या डॉज-प्लिमथ जोडल्या, पुढं इटलीची फियाट. बारामतीच्या एमआयडीसीत तर पियाजिओच बसलीय. तीनचाकी तिची आणि २०१२ पासून व्हेस्पाही. म्हणजे इथल्या माणसाला इटली पाव्हण्यातली, इंग्लंड मात्र अभ्यासक्रमाबाहेरचं.

म्हणून सुरुवात अँबेसेडरपासून करा. ती सगळ्यांनी पाहिलीय, निदान साखर कारखान्याच्या गेटातून आत जाताना. विलायतेत ती १९५६ ची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री, मध्यमवर्गीय कुटुंबाची साधी गाडी. शाही म्हणजे तिथं रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, जॅग्वार. हिंदुस्थान मोटर्स अँबेसेडर बंगालात उत्तरपाड्याला बनवायची. शाहीपण आपण घरच्या घरी चढवलं. पांढरा रंग, मागच्या सीटवर टर्किशचा टॉवेल, काचांना पडदे, टपावर दिवा. मागं साहेब. पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हर, पीए आणि एक कार्यकर्ता. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यानं मधल्याचे गुडघे शाबूत राहायचे. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर मागचे पाटे सगळं सोसायचे. २०१४ ला ती बंद झाली. लाल दिवे १ मे २०१७ ला उतरले, तो दिवस तिला बघावा लागला नाही हे बरंच.

हा झाला बालवर्ग. आता रोव्हर एसडी-वन. १९७६ ला इंग्लंडात आली, लगेच युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन, बघत राहावं असं अंग. ऐंशीच्या दशकात मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं तीच गाडी 'स्टँडर्ड २०००' म्हणून इथं काढली. अंग तेच; बॉनेटखाली मात्र जुन्या व्हॅनगार्ड गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन. त्याच घराण्यातलं इंजिन तिकडं फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरला बसायचं! ही माहिती माणूस बघून द्या. ट्रॅक्टरवाल्याची छाती फुगते, गाडीवाला मात्र पुन्हा चहा विचारत नाही. गाडी काही वर्षांतच गुंडाळली गेली. नांगरटीला घातली असती तर कदाचित टिकली असती.

यापुढचं तोंडपाठच करा. २००३ मध्ये याच रोव्हरला विकायला छोटी गाडी हवी होती, म्हणून तिनं पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका 'सिटीरोव्हर' नाव लावून इंग्रजांच्या गळ्यात मारली. २००५ ला रोव्हर कंपनी बुडाली. २००८ ला टाटांनी फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली आणि त्या सौद्यात 'रोव्हर' हे नावही आलं, 'डेमलर'ही. ज्यांची गाडी उसनी नेली, त्यांच्याच दावणीला नाव येऊन बांधलं गेलं. नंतर जॅग्वारची एक्सएफ पुण्यातच जोडली जाऊ लागली. तेव्हा कुणी 'इंपोर्टेड आहे' म्हणून मिशीला पीळ द्यायला लागला, तर 'कुठनं, पिंपरीतनं?' एवढंच विचारा.

प्रात्यक्षिक सोलापूर रस्त्याला करा. भिगवणला मासे खायला थांबलात की हॉटेलासमोरच्या गाड्या बघा. फॉर्च्युनरमध्ये चढावं लागतं, जॅग्वारमध्ये उतरावं लागतं. गावातल्या गतिरोधकावर पोट कुणाचं घासतं, हे त्यावरून कळेलच. हात लावू नका, आणि ॲव्हरेज तर मुळीच विचारू नका.

समोरचा माणूस फिटर निघाला, तर इतिहास तिथंच थांबवून यंदा उसाची पहिली उचल किती सुटली ते विचारा.