नव्वदराव

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर दरवर्षी कालनिर्णय लागतं. दापोलीहून बायको पाठवते. मलेशियाच्या पार वरच्या टोकाला, लंकावी बेटावर बोटींच्या बॅटऱ्या आणि अँटेना दुरुस्त करणाऱ्या माणसाला संकष्टी कधी आहे हे कळून काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी त्या कालनिर्णयाचा माझ्यापेक्षा जास्त उपयोग एका बासष्ट वर्षांच्या इंग्रजाने केला. रोज सकाळी स्वारी डिंगीतून उतरायची, पायाची वाळू झटकायची, आत येऊन खिशातली पेन्सिल काढायची आणि त्या दिवसाच्या चौकोनात, तिथीच्या बरोब्बर खाली, एक आकडा लिहायची. ६१. ६२. ६३. ‘गुड मॉर्निंग’ त्यानंतर.

मी मनातल्या मनात त्याचं नाव नव्वदराव ठेवलं.

हा काही एकटा नव्हे, अशी जमातच आहे. घर विकायचं, चाळीस फुटांची शिडाची बोट घ्यायची आणि ‘आता कुणाचं ऐकायचं नाही, वारा नेईल तिकडे जायचं’ म्हणून निघायचं. मग वारा नेईल त्या पहिल्याच बंदरात पिवळं निशाण चढवायचं. त्याचा अर्थ, आम्ही धडधाकट आहोत, कृपया आत घ्या. आणि कागदांची फाइल काखेत मारून इमिग्रेशन, कस्टम, हार्बर ऑफिस अशा तीन खिडक्यांपुढे उभं राहायचं. खिडकी चौथी असेल तर तिथला माणूस जेवायला गेलेला असतो. आयुष्यभर ऑफिसात गेलेल्या कारकुनाने जेवढे शिक्के पाहिले नसतील तेवढे या स्वतंत्र माणसांच्या पासपोर्टात असतात.

नव्वदरावाची सगळी हयात ग्रीसमध्ये मजेत चालली होती. १ जानेवारी २०२१ला ब्रिटनचा युरोपशी घटस्फोट पुरता अमलात आला आणि हा एका रात्रीत परका झाला. शेंगेन म्हणजे युरोपच्या सामायिक हद्दीत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहायचं, बस्स. आता ‘कुठल्याही’ या शब्दात खरी मेख आहे. आज उभं राहून मागे वळायचं आणि गेल्या १८० दिवसांत आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. उद्या पुन्हा नव्याने मोजायचं. आलो तो दिवस धरायचा, गेलो तो दिवसही धरायचा. त्याने मला हे समजावायला वही उघडली, तेव्हा मला आमची आजी आठवली. सुतक दहा दिवसांचं, पण बातमी उशिरा कळली तर तीन, ऐकली तो दिवस धरायचा की नाही, लेक दिलेली असेल तर वेगळं. आजीला बसवलं असतं तर तिने शेंगेन बिनचूक सांभाळलं असतं.

ग्रीसचे नव्वद संपले की समोर तुर्कस्तान. ऱ्होड्सवरून तिथला किनारा डोळ्यांनी दिसावा इतका जवळ. पण तिथेही नव्वदच. वर तुर्कस्तानात आणखी एक कायदा. बाहेरचा मोबाइल तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, नंतर कर भरून नोंदणी केली नाही तर बंद पडतो. आणि त्याच्या बोटीला? बोटीला युरोपात कर न भरता अठरा महिने! हे सांगताना त्याचा आवाज चिरकायचा. म्हणजे भाडेकरूला सांगायचं, तीन महिन्यांत खोली सोड, आणि त्याच्या कपाटाला म्हणायचं, बाबा, तू दीड वर्ष राहा.

“आणि स्पार्क्स,” टेबलावर मूठ आपटत तो म्हणाला, “मला व्हिसाशिवाय फक्त नव्वद दिवस! हा काय न्याय आहे?”

भारतीय पासपोर्टवाल्यापुढे हे बोलायला धाडस लागतं. मी शांतपणे त्याला सांगितलं. बायकोला एकदा युरोप दाखवायचं म्हणून आम्ही बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचे कागद, हॉटेलांची बुकिंगं, परतीची तिकिटं, विमा, एवढं सगळं घेऊन मुंबईला एका कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने फोटो परत केला. चेहरा कमी आणि पार्श्वभूमी जास्त आली होती. खाली जाऊन नवा काढला, त्यात बायको हसतेय म्हणून तोही परत.

“आणि हे सगळं किती दिवसांसाठी?”

“बारा.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग आपल्या पुढ्यातली न उघडलेली बिअर त्याने माझ्याकडे सरकवली.

मला स्पार्क्स का म्हणतो, ते सांगायला हवं. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. आपल्या खलाशांच्या बोलीत मार्कोनीसाहेब. १ फेब्रुवारी १९९९ला जहाजांची संकटकाळची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली, संदेश उपग्रहावरून आपोआप जायला लागले आणि मार्कोनीसाहेबांची गरज संपली. ज्या उपग्रहांनी माझी नोकरी खाल्ली, त्यांच्याच डिशा बोटींच्या कठड्यांना बोल्टने आवळून मी आज पोट भरतो. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

नव्वदरावाकडे बिस्किटांचा एक गोल डबा होता. उघडला की आत ग्रीक, तुर्की, इजिप्शियन, श्रीलंकन सिमकार्डं, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पिन नंबर. पूर्वी हे लोक बंदराजवळच्या बारचं वायफाय पकडायला डोलकाठीवर अँटेना चढवत. पासवर्डसाठी एक बिअर घ्यावी लागे, आणि फाइल मोठी असली तर यकृताची काळजी वाटायची. भर समुद्रात रेडिओला मोडेम जोडून हवामानाची चिमुकली फाइल खेचायची. इरिडियमच्या सॅटेलाइट फोनवर तर सेकंदाला २.४ किलोबिट! पळीने हौद भरावा तसं. मग स्टारलिंक आलं. मलेशियाने २०२३मध्ये परवानगी दिली आणि माझ्याकडे रांग लागली.

नव्वदरावाची डिश मीच बसवली. ती इतकी वीज पिते की आधी दोन सोलर पॅनल लावावी लागली. मग एके दिवशी तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन आत आला.

“स्पार्क्स, डिशलाही व्हिसा आहे!”

नियम असा की नोंदणी ब्रिटनची आणि वापर दोन महिन्यांहून जास्त दुसऱ्याच देशात, तर खातं त्या देशात हलवायला सांगू शकतात. आणि किनारा सोडून खोल समुद्रात गेलात तर वेगळा प्लॅन, तिथे पैसे जीबीवर. नव्वदरावाने कालनिर्णयावर पेन्सिलच्या आकड्याशेजारी लाल पेनाने दुसरी मोजणी सुरू केली. माणसाची काळी, डिशची लाल. एकादशीच्या चौकोनात जागा उरली नाही.

बरं, एवढा आटापिटा करून मिळवलेल्या इंटरनेटवर हा बघतो तरी काय? मी एकदा डोकावलो. इमिग्रेशनचे नियम बदलले का, हे बघत होता.

भारतात यायची त्याला फार इच्छा. कोचीला उत्तम मरीना आहे, पण हा श्रीलंकेवरून सरळ इकडे आला. कारण त्याच्याकडचा इरिडियमचा फोन. आपल्याकडे विनापरवाना सॅटेलाइट फोन सापडला तर थेट पोलीस. “एवढं काय त्यात?” तो म्हणाला. २६/११ला मुंबईत समुद्रातून कोण आले आणि त्यांच्याजवळ काय होतं, हे मी सांगितलं. पुढे त्याने तो विषय काढला नाही.

मलेशियातही मुक्काम नव्वदच दिवसांचा. म्हणून ८८ आकडा लिहिला त्या सकाळी तो लंकावीतल्याच कुआहच्या धक्क्यावरून फेरीने थायलंडच्या सातूनला गेला. तिथे नूडल्स खाल्ल्या आणि संध्याकाळी परत. या जत्रेला हे लोक ‘व्हिसा रन’ म्हणतात. परतताना काउंटरवर डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी. तिने पानं उलटली.

“लंकावीत करता काय?”

“निघायची तयारी.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

हे सांगताना त्याचे हात अजून कापत होते. तिने शिक्का मारला मात्र. त्याने रबर मागितलं नाही, पुढच्या चौकोनात सरळ १ लिहिला.

ती मुलगी म्हणाली त्यात खोट नव्हती. ही जमात कायम निघायच्या तयारीत असते. पण नव्वदराव यंदा जानेवारीच्या अखेरीस खरंच निघाला, ईशान्येचे वारे धरून मालदीवला, मग पुढे आफ्रिका. मालदीवमध्ये तीसच दिवस मिळतात म्हणून आठवडाभर चरफडत होता. बायको फोनवर म्हणाली, “मग आता तीसराव म्हणायचं का त्यांना?” निरोप देताना मी त्याला नवं कालनिर्णय दिलं. मराठी वाचता येत नाही, पण चौकोन तर चौकोनच.

नवव्या दिवशी फोन वाजला. त्याचा मेसेज.

“भर समुद्रात आहे. कुणाच्याच हद्दीत नाही. आज चौकोनात काय लिहू?”

मी भिंतीकडे पाहिलं आणि कळवलं, “आज संकष्टी. चंद्रोदय रात्री नऊनंतर, पण ती वेळ मुंबईची. तुझ्याकडचा तूच बघ.”

रात्री उशिरा एक फोटो आला. सगळा काळा, मधोमध एक पिवळट, हललेला ठिपका. खाली लिहिलं होतं, “जपून ठेव. दुसरा पाठवणार नाही, इथे जीबीवर पैसे पडतात.”