शेती नको, फार्महाऊस चालेल

दिल्ली सरकारचं शेतीविषयक मत किती दिवस टिकतं? २३ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्राच्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाची अधिसूचना दिल्ली सरकारच्या राजपत्रात निघाली. तीन दिवसांत या कायद्यांविरोधात शेतकरी दिल्लीच्या सीमेवरच्या सिंघू आणि टिकरीच्या नाक्यांवर येऊन धडकले. १७ डिसेंबरला मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी विधानसभेत तिन्ही कायद्यांच्या प्रती टराटरा फाडल्या. म्हणजे चोवीस दिवस. मेथीची जुडी याहून थोडा जास्त वेळ घेते.

मग भाजपने राजपत्र नाचवलं, ‘आप’ने फाटके कागद. या नाचानाचीत दिल्लीला स्वतःचेही शेतकरी आहेत, नरेला, बवाना, नजफगढकडे अजून गहू पेरला जातो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. या शेतकऱ्यांच्या जमिनीचा सरकारी दर २००८ पासून एकरी ५३ लाख. तो वाढवल्याची घोषणा झाली ऑगस्ट २०२३ मध्ये, एकदम सव्वादोन ते पाच कोटी! पंधरा वर्षं सरकारला वाटत होतं की राजधानीत सगळं महागतं, फक्त शेत तेवढं जागच्या जागी असतं.

कायदा मात्र कडक हं. दिल्ली जमीन सुधारणा कायदा, १९५४, कलम ८१: शेतजमिनीचा वापर शेती, बागायत, पशुपालन सोडून कशासाठी केलात तर जमिनीवरून हकालपट्टी. बवानाच्या शेतकऱ्याने बांधावर गोदाम टाकलं की पटवारी हजर. दिल्लीतल्याच छतरपूरच्या फार्महाऊसांत मात्र दर लग्नसराईत वऱ्हाड्यांचं भरघोस पीक येतं. तिथे हकालपट्टीऐवजी धोरण आलं. २०१३ मध्ये ‘विरळ वस्तीचा निवासी भाग’ असं गोंडस नाव देऊन फार्महाऊसांना नियमात बसवायची वाट काढण्यात आली. गोदाम म्हणजे गुन्हा, जलतरण तलाव म्हणजे विरळ वस्ती.

यमुना ओलांडली की नोएडा. १९७६ साली, आणीबाणीत, उद्योगांसाठी जन्माला आलेलं प्राधिकरण. त्याच्या शेजारच्या ग्रेटर नोएडात शाहबेरी गावची १५६ हेक्टर जमीन ‘तातडीचं’ कलम लावून घेतली गेली. हे कलम लावलं की शेतकऱ्याची हरकत ऐकायची गरज उरत नाही. कारण सांगितलं औद्योगिक विकासाचं, जमीन गेली बिल्डरांच्या फ्लॅटना. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन रद्द ठरवलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बाकीच्या बहुतेक गावांतलं संपादन कायम ठेवलं, पण शेतकऱ्यांना ६४.७ टक्के जादा मोबदला आणि १० टक्के विकसित जमीन द्यायला लावली. घाई सरकारची, भुर्दंड तिजोरीला.

पण नोएडाला शेतीचं वावडं आहे असं कोण म्हणतं? याच उद्योगवाल्या प्राधिकरणाने २००८ नंतर चक्क फार्महाऊसांचे भूखंड वाटले. किमान दहा हजार चौरस मीटरचे. किती जणांना? १५७. दर? चौरस मीटरला ३,१०० रुपये. तेव्हा नोएडाचा सर्वांत कमी दर होता १४,४०० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालात हा सगळा हिशोब आहे. एरवी शेतीला अनुदान द्यायचं म्हटलं की अर्थतज्ज्ञांच्या पोटात गोळा येतो. इथे चौरस मीटरमागे अकरा हजारांवर सूट आणि पेरायचं काय, तर हिरवळ!

आपण महाराष्ट्रातून याला हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून मुळशी-मावळात जमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा दाखला जमवायचा, आजोबांचा कुठला तरी सातबारा शोधायचा, मग ‘एनए’साठी चपला झिजवायच्या. केवढा तो खटाटोप! आपल्याकडे धनिकाला शेतकरी व्हायला तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागतं. नोएडात सरकारच शेत घेऊन धनिकाच्या दारात उभं राहिलं.

एवढ्यावरून राजधानी परिसराचं कृषिधोरण दोन ओळींत सांगता येईल. कसणाऱ्याकडची जमीन हा विकासातला अडथळा. तीच जमीन न कसणाऱ्याकडे गेली की तो हरितपट्टा.

तेव्हा शेतकरीदादा, हमीभावाच्या नादी लागून रस्त्यावर थंडीत झोपू नका. पुढची फार्महाऊस योजना निघाली की सरळ अर्ज करा. फक्त व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ लिहू नका, अर्ज तिथेच बाद होईल.