वावरातली बेल्टेन

माझी भाची एडिनबर्गला शिकायला गेली आणि तिकडे पेगन झाली. बहिणीचा रडत फोन आला, "दादा, पोरीनं धर्म बदलला!" मी तिला समजावलं की पेगन म्हणजे सूर्याला, मातीला, झाडांना मानणारी माणसं. "मग ते आपल्याकडं काय कमी होतं?" बहीण म्हणाली. अडाणी प्रश्न म्हणून मी तो सोडून दिला.

जन्मभर शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनावर भाषणं ठोकलेल्या माणसानं पुरोगामी दिसण्याची एकही संधी सोडू नये, या मताचा मी आहे. त्यामुळे भाची एप्रिलात सुट्टीवर आली तेव्हा घरचे तोंड फिरवून बसलेले असताना मी छाती काढून जाहीर केलं, "तुझा सण आपल्या वावरात करू."

या पेगनांचे वर्षाला सण आठ. दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधोमध येणारे चार. ऑक्टोबरअखेरीला पितरांचा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला (आमच्या चिमुरात बालाजीची घोडा यात्रा भरते त्या सुमारास) थंडी ओसरू लागल्याचा, ऑगस्टच्या आरंभी नव्या धान्याचा. सुटे सुटे सण पुष्कळ जुने, पण त्यांची ही आठांची माळ ओवली गेली १९५० च्या दशकात. जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रजानं १९५४ साली पुस्तक लिहून विक्का हा पेगन पंथ लोकांपुढे आणला, त्याच काळात. म्हणजे धर्म साधारण माझ्याच वयाचा. शिवाय हा गार्डनर मलायात कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेला. निवृत्त नोकरदाराला रिकामपणी काय काय सुचतं, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

आमच्या वाट्याला आली बेल्टेन. १ मेच्या आदल्या रात्री दोन जाळ पेटवायचे आणि गुरांना त्यांच्या मधून न्यायचं, म्हणजे वर्षभर रोगराई येत नाही. एडिनबर्गच्या कॅल्टन हिलवर १९८८ पासून या रात्री मशाली नाचवत, ढोल बडवत मोठा उत्सव होतो. तिथं एप्रिल संपताना कुठं जरा ऊब येते, म्हणून माणसं हौसेनं जाळाजवळ जातात. आमच्याकडे त्या दिवशी पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि माणसं हौसेनं फक्त कूलरजवळ जातात. दक्षिण गोलार्धातले पेगन तर ऋतू उलटे म्हणून अख्खं चक्रच सहा महिने फिरवून घेतात, असं भाची सांगत होती. ऑस्ट्रेलियाला एवढी सवलत मिळते तर चिमूरलाही मागून पाहावी, हे मात्र मला सुचलं नाही.

तयारी जंगी केली. फिती गुंडाळून नाचायचा खांब हवा, म्हणून बांबू आणला आणि बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून त्याला बांधल्या. येणाराजाणारा विचारायचा, "गुरुजी, लगन कोनाचं हाये?" बांबू रोवायला कुदळ नेली. भाचीनं मिठाचं रिंगण आखून चार दिशांना चार तत्त्वं मांडली: पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला पाण्याचा गडवा, उत्तरेला मातीचं ढेकूळ. लिंबं तेवढी माझी. सरबतासाठी आणली होती, रिंगणात ठेवली एवढंच.

शेजारच्या वावरवाल्याची गाय समजावून-सांगून आणली. अंधार पडल्यावर दोन्हीकडे पऱ्हाट्या पेटवल्या. भाची डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली आणि मी गायीला पुढं ओढलं. गायीनं डावीकडचा जाळ पाहिला, उजवीकडचा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिघांत तिला सर्वांत जास्त भीती माझीच वाटली असावी. एका हिसक्यात दावं सोडवून ती बांबूवर गेली, लुगड्याच्या पट्ट्या शिंगांत अडकल्या आणि उपटलेल्या बांबूसकट ती गावाकडे उधळली.

ताडोब्याच्या शेजारचं गाव. रात्री गाय अशी धावत आली की लोक आधी वाघ समजतात. टॉर्च आणि काठ्या घेऊन निम्मं गाव वावरात आलं, पुढे पोलीस पाटील. त्यांना दिसलं ते असं: रिंगण, दिवा, लिंबं, कुदळ, ताजा खड्डा, मोकळ्या केसांची पोरगी आणि घामानं निथळणारा, उघडाबंब मी.

"गुप्तधन!" मागून कुणीतरी म्हणालं.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या गावाला समजावून सांगणारा मीच. गर्दीत माझे कितीतरी विद्यार्थी होते. शिकवलेलं एरवी कधी त्यांच्या लक्षात राहिलं नाही, हे नेमकं राहिलं होतं. आणि सणाच्या दिवशी चिमूर भागातले लोक जमले म्हणजे काय होऊ शकतं, हे १६ ऑगस्ट १९४२ च्या नागपंचमीला झालेल्या उठावात इंग्रजानंही पाहिलेलं आहे. मी घाईघाईनं सदरा चढवला आणि सेल्टिक संस्कृतीवर बोलू लागलो.

पाटलानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे ढोराइची रोगराई जावाची, असंच ना? मंग पोळ्याले काहून नाई केलं? आमी दारात पळसाचे मेढे ठेवतो, दुसऱ्या दिवशी मारबत मनून गावाभाईर फेकतो. रोगराई तिकडंच जाते. अन् तवा पानी रायते गुरुजी, जंगल पेटत नाई. आता वनव्याचे दिवस हायेत. पयले हे इझवा."

विझवलं. पश्चिमेच्या तत्त्वानं सुरुवात केली, पण गडव्यात मावणाऱ्या तत्त्वानं काय होतं? शेवटी विहिरीचा पंप सुरू करावा लागला. भाची मात्र पाटलाला सोडेना. मेढे कोण तोडतो, बैलाचे खांदे कशानं शेकतात, मारबत नागपूरसारखी पुतळ्याची करता का, तान्हा पोळा मुलांचाच का. एडिनबर्गला मिळाला नसता एवढा मोठा गुरू तिला धुऱ्यावर बसलेला सापडला होता. तिनं जुलैतच परतायचं तिकीट पोळ्यानंतरचं करून घेतलं. मामाला त्या रात्री तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

पाटलानं वहीत नोंद केली, 'वावरातील काडीकचरा जाळत होते.' एवढी सेल्टिक संस्कृती सांगूनही.

सकाळी मी वावरात गेलो. रिंगणाच्या जागी कमरेएवढा खड्डा होता. शेजारी आणखी एक होता. पुढच्या आठवड्यात, कोण कधी येऊन जायचं देव जाणे, बांधापासून विहिरीपर्यंत जमीन उकरून निघाली. तक्रार करावी, असं मी घरी म्हणालो.

"काहून?" बायको म्हणाली. "नांगरटीचे पैसे वाचले. वरच्या वावरात कधी करता?"