आमच्या पेठेचे नवे प्रायोजक

आमच्या पेठेत पानपट्टीच्या आडोशाला एक गृहस्थ आकडा घेतात. नाव लिहीत नाही. ते पोलीस ठाण्यात पाठ आहे, तेवढी प्रसिद्धी त्यांना पुरते. परवा मात्र फार दुखावलेले दिसले.

"तुम्ही पेपरवाले, तुम्हीच सांगा. मी चिठ्ठी फाडली की १८८७ चा कायदा काढत्यात. इंग्रज गेला, कायदा हितंच. आन् त्या ड्रीम इलेव्हन ॲपनं २०२३ ला ३५८ कोटी मोजून भारताच्या क्रिकेट टीमच्या छातीवर नाव घातलं. त्यास्नी कोण आत घातलं?"

"तो कौशल्याचा खेळ होता. कोर्टानंही तसं म्हटलं होतं," मी म्हणालो.

"आन् आमचा? लोक तीस-तीस वर्षं ओपन-क्लोजचे तक्ते काढत्यात, वह्या भरत्यात. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर कलेक्टर झाली असती माणसं!"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी नैतिक बाजू काढली. जाहिरातीच्या शेवटी ड्रीम इलेव्हनवाले 'आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं' असं प्रामाणिकपणे सांगायचे, हे लक्षात आणून दिलं. दक्षिणा आधीच हातात पडलेल्या भटजीनं पोथी उरकावी त्या वेगानं सांगायचे, ही गोष्ट वेगळी.

खेळाची आणि जुगाराची अशी सरमिसळ करणं बरं नव्हे, असंही मी म्हटलं. पण तिथं सरकारच माझ्या मदतीला येईना. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असा त्यांचा खुलासा. गदारोळ झाला, कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं! माणसाचा कल बघून काम देणारं सरकार आणखी कुठं असेल तर कळवावं.

पुढच्याच महिन्यात केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ड्रीम इलेव्हन गेली आणि आपला संघ आशिया चषकात कोऱ्या छातीनं उतरला. मग टायरवाले आले. टायरचं व्यसन लागल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

दारूचं प्रकरण याहून सोवळं. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून तिथं सोडा, पाणी आणि गाण्यांच्या सीडी दाखवतात. मी कायदा पाळणारा माणूस. दुकानात जाऊन तो जाहिरातीतला सोडा मागितला. दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "मामा, नुसता सोडा?" सीडी मागायचं धाडस मग झालं नाही. शिवाय ती वाजवायला घरात यंत्रही उरलेलं नाही.

आयपीएलमधल्या बंगळुरूच्या संघानं तर आडपडदाच ठेवला नाही. मालक मल्ल्यांनी २००८ मध्ये आपल्या व्हिस्कीचंच नाव संघाला दिलं. ते स्वतः २०१६ मध्ये देश सोडून गेले, नाव इथंच राहिलं. २०२५ मध्ये तो संघ जिंकला तेव्हा शेजारच्या माळकरी घरातला नातू ते नाव छातीवर घेऊन रात्रभर नाचला. आजोबांनी पेढे वाटले. कशाचे वाटतोय, हे त्यांना सांगायचं पाप मी केलं नाही.

हे सगळं ऐकून आमचे आकडेवाले गप्प झाले. माणूस गप्प झाला की धंद्याचा विचार करतो. दोन दिवसांनी ते थेट तालमीच्या बैठकीत हजर. पुढच्या फुटबॉल हंगामात शाहू स्टेडियमवर तालमीच्या पोरांच्या जर्सीवर नाव घालायचं म्हणाले. सगळा खर्च त्यांचा.

"कायदा?" कुणीतरी विचारलं.

"मटक्याला हाय, माठाला न्हाई." त्यांनी पिशवीतून कुंभाराकडून आणलेला एक माठ काढून टेबलावर ठेवला. "आमी माठ इकतोय. मूळ धंदाबी मडक्यातनं चिठ्ठी काढायचाच हुता की!"

वस्ताद उठले. १९५२ मध्ये पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, खाशाबांनी कांस्यपदक आणलं, ही गोष्ट त्यांनी सांगितली. सांगताना त्यांचा आवाज जरा कापला.

"मग खाशाबांच्या अंगावर नाव कुणाचं होतं?" एका पोरानं विचारलं. खरोखर माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

"कुणाचंच न्हाई."

"आँ? आन् घर गहाण टाकलं?"

वस्ताद पायताण घालून निघून गेले. बैठक थोडा वेळ शांत होती. मग खजिनदारांनी माठ जरा बाजूला सरकवला, वही उघडली आणि विचारलं, "छातीवर की पाठीवर? रेट वेगळा पडंल."