बंबाची बोंब

आमच्या घरात जुनं म्हणावं असं माझ्याशिवाय काही उरलेलं नाही, असं बायकोचं मत आहे. ते खोडून काढायला मी अधूनमधून बाजारात जातो. मागच्या खेपेला ग्रामोफोन आणला होता. चकचकीत पितळी कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र. महिन्याभराने एका जाणकाराने तो उघडला आणि रोगी दगावल्यासारखा चेहरा करून सांगितलं, की आतलं यंत्र कुठल्या तरी जुन्या पेटीतलं, कर्णा नवा, लाकूड त्याहून नवं आणि कुत्रा तर कालच छापलेला. बाजारात असल्या नगांचा सुकाळ आहे म्हणे. कर्ण्यात हल्ली आम्ही छत्र्या ठेवतो.

पुण्यात जुना बाजार आहेच. बुधवार-रविवार भरतो, मंगळवार पेठेत. नळाच्या तोट्यांपासून घड्याळाच्या काट्यांपर्यंत सगळं मिळतं. पण तिथे हटकून कोणी तरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, "काय, विकायला आलात का?" म्हणून या वेळी मुंबई. दिवाणखान्यात टांगायला एक काचेची हंडी आणायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मी बायकोसमोर कबूल केलं. तिने कबुलीकडे लक्ष दिलं नाही. "अहो, जाड पिशवी नेऊ नका, भरावीशी वाटते," एवढंच म्हणाली.

खंडाळ्याचा घाट फार सुंदर आहे. मला झोप लागली होती.

भेंडीबाजाराच्या पोटात मटण स्ट्रीट आहे, तोच आपला चोर बाजार. मुळात तो 'शोर बाजार', साहेबाच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, ही कथा मला टॅक्सीवाल्याने सांगितली, चहावाल्याने सांगितली आणि नंतर एका दुकानदारानेही सांगितली. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार मांडतात. मी गुरुवारी गेलो, कारण पहाटे उठून वस्तूंची पारख करण्याइतका मी जाणकार नाही. दुपारी चारलाही नाही.

दुकान कसलं, बोळच तो. वर झुंबरं, खाली बोटीवरचे कंदील, मध्ये जेमतेम मी. सिनेमाची पोस्टरं, इनॅमलच्या पाट्या, इराण्याच्या हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. या खुर्चीचं मूळ 1859 सालचं, व्हिएन्नाच्या थोनेट नावाच्या कारखानदाराचं. सहा लाकडं, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. हे मला पाठ आहे, कारण अशीच एक खुर्ची मी घरी साफ करायला सुटी केली होती. ती अजून सुटीच आहे. माझ्याकडे तीन नट उरले.

पारखीचं माझं एकच हत्यार, लोहचुंबक. पितळ-तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. महाबळेश्वरहून आणलेली, फ्रिजच्या दारावरची स्ट्रॉबेरी मी खिशात घालून नेली होती. हंडीला ती लावून पाहिली. हंडी काचेची होती. दुकानातला पोरगा हसला, आणि ते हसू टाळायला मी मान वळवली, तेव्हा कोपऱ्यात तो दिसला.

तांब्याचा बंब.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीन पायांवर उभं पोटुशा बाईसारखं तांब्याचं भांडं, मधून आरपार नळकांडं, खाली तोटी. नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, वरून धूर. करवंट्या, शेण्या, जुनी वर्तमानपत्रं, त्याला काहीही चालायचं. मी पुढे होऊन स्ट्रॉबेरी लावली. चिकटली नाही. त्या क्षणी माझी अक्कलही सुटली.

"अठरा हजार, चाचा."

मी आवाज कडक केला. "अकरा."

"ले जाओ."

घासाघिशीत समोरचा लगेच 'ले जाओ' म्हणाला, की आपण किती बुडालो याचा हिशेब करत बसू नये. पोरग्याने बंब जुन्या चादरीत गुंडाळला. सुतळी संपली होती, म्हणून त्याने तो लाल आणि काळ्या वायरने आवळून बांधला. व्यवस्थित, चारही बाजूंनी. मी त्याला वर दहा रुपये दिले. पुढे जे झालं त्यात माझे दहा रुपये आहेत.

स्टेशनच्या दारात सामान तपासायचं यंत्र होतं. बंब पट्ट्यावरून आत गेला आणि पट्टा थांबला. पडद्यासमोरचा तरुण पुढे झुकला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

"ये किसका है?"

"माझं. मेरा."

"क्या है इसमें?"

"बंब."

तो तरुण उत्तरेकडचा असावा. त्याचे डोळे मोठे झाले. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी मोठ्याने, पुणेरी उच्चारात सांगितलं, "बंब है! बंब!"

माझ्या मागची रांग एकाएकी उरली नाही. एका बाईने मुलाला उचलून पळ काढला, त्याच्या हातातला वडापाव तेवढा मागे राहिला. माझं हिंदी गोंधळलेल्या वेळी फार वाहतं. ते वाहू लागलं. "घाबरने का कारण नहीं. नीचे से आग लगाते हैं, बीच में नळी है, थोडी देर में ऊपर से धूर निकलता है."

"कहाँ से लाए?"

"चोर बाजार से."

"कहाँ लेके जा रहे हो?"

"पुणे. बायको के लिए."

मला बाकावर बसवलं. दोघे दोन बाजूंना. कुत्रा आणला, तो माझ्या ग्रामोफोनवरच्या कुत्र्यापेक्षा बराच खरा होता. त्याने चादर हुंगली, आतल्या काजळीने सटासट तीन शिंका दिल्या आणि माझ्याकडे वैऱ्यासारखं पाहिलं. शिंकेचा अर्थ काय लावायचा यावर चर्चा झाली. माझी गाडी निघून गेली. मला खरं तर रागवायचं होतं. एवढ्या वर्षांत माझ्यावर संशय घ्यावा असं कुणाला वाटलेलं नाही, बायकोलाही नाही. पण स्वतःच लाल-काळ्या वायरी घेऊन आलेल्या माणसाला रागवायची सोय नसते.

जरा वेळाने एक पोलीसबाई आल्या. पन्नाशीच्या, बोलण्यात सातारा. चादरीचं एक टोक त्यांनी वर केलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई! बंब!"

"तेच मघापासून सांगतोय."

"याला कोणी बंब म्हणून सांगतं का, काका? पाणी तापवायचं भांडं म्हणायचं." मग त्या खाली बसल्या, चक्क जमिनीवर. वायर सोडली. तोटी फिरवून पाहिली. "आजीच्या घरी होता आमच्या. दिवाळीत पहिलं पाणी कोणाचं म्हणून आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो. जाळी कुठंय?"

"कसली जाळी?"

"निखारे कशावर राहणार मग? हातात धरणार?" त्यांनी नळकांड्यात हात घातला. "जाळी नाही. पाणी भरून बघितलंत?"

"स्ट्रॉबेरी लावून बघितली."

त्यांनी तो विषय वाढवला नाही. केवढ्याला घेतला विचारलं, मी सांगितलं, आणि आयुष्यभर चोरांचे जबाब ऐकलेल्या त्या बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग तोटीच्या वरची काजळी त्यांनी अंगठ्याने घासली. खाली ठिपक्यांची अक्षरं निघाली, भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा टोचून टोचून काढायचा तशी. 'चि. सौ. कां.' एवढं स्वच्छ. पुढचं नाव वर्षानुवर्षं चिंच-राखेने घासून गेलेलं. मग 'हिस', आणि शेवटी 'आत्याकडून'.

चोर बाजारात पाहिलेली कळशी, घंगाळं, डबे एकदम आठवले. त्यांच्यावरही असंच काही काही होतं. कुणाचा मामा, कुणाची मावशी, कुठल्या तरी कार्याची तारीख. सगळी नावं वजनात मोजली गेलेली.

"पुढची गाडी लावतील आता," बाई उठत म्हणाल्या. वायर त्यांनी ठेवून घेतली आणि कुठून तरी सुतळी आणून दिली.

गाडीत बंब पायांमध्ये धरून बसलो. मोबाइलवर उगाच शोधलं, तर कळलं, की हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आला. त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पाण्याचा पंपही आणि बॉम्बही. म्हणजे पडद्यासमोरचा तो तरुण चुकला नव्हता. थोडा उशिरा जन्मला होता, इतकंच.

घरी पोचायला साडेअकरा झाले. बायकोने दार उघडलं, बंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हंडी कुठंय?" असं तिने विचारलं नाही, यावरून आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते ओळखावं. आम्ही दोघांनी तो उचलून बाल्कनीत नेला आणि मी लगोलग बादलीने पाणी भरलं. तिने दिवा लावून ती अक्षरं वाचली, बोट फिरवून.

आमच्याकडेही असाच बंब होता. गॅसचा गिझर आला तेव्हा मीच तो मोडीत घातला, किलोवर. मोडवाला तराजू लावत होता आणि आई मागच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडे झाले तरी पुसत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, वजनाकडे लक्ष ठेवतेय.

"आईंच्या बंबावर काय लिहिलेलं होतं हो?" बायकोने विचारलं.

"मी वाचलंच नाही."

ती काही बोलणार होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून फोन आला. आमच्या बाल्कनीतून त्यांच्या वाळत घातलेल्या गादीवर काळं पाणी पडत होतं.