परस्मृतिप्रवेश : नवोदित प्रवेशकांसाठी प्राथमिक सूचना

दुसऱ्याच्या डोक्यात शिरून त्याच्या आठवणींतून हिंडणे आणि तिथे दडलेला गुन्हा, गुन्हेगार किंवा निदान तिजोरीचा क्रमांक घेऊन सुखरूप बाहेर पडणे, या विद्येस येथे परस्मृतिप्रवेश असे म्हटले आहे. ती जाणणारा तो प्रवेशक आणि ज्याच्या डोक्यात शिरावयाचे तो यजमान. मानसशास्त्रीय विज्ञान-थरारकथांत हा व्यवसाय चांगलाच स्थिरावला असून 'रिमेंबर मी' (२०१३) या फ्रेंच व्हिडिओ गेमची नायिका तो नव-पॅरिसमध्ये करते, तर 'ऑब्झर्व्हर' (२०१७) या पोलिश गेममधला पोलीस अधिकारी क्राकूवमध्ये. दोन्ही गेमचा काळ २०८४ हाच असल्यामुळे इच्छुकांना पूर्वतयारीसाठी पुरेशी मुदत उपलब्ध आहे. अडचण एवढीच, की स्मृती ही डोक्यात गुंडाळून ठेवलेली चित्रफीत असून योग्य तार जोडताच ती पहिल्यापासून दिसू लागते, या गृहीतकावर हा सारा धंदा उभा आहे, आणि विज्ञानाने त्याला म्हणावे तसे सहकार्य केलेले नाही. विज्ञानाच्या या असहकारातही व्यवसाय कसा चालू ठेवावा, हे सांगणे हा प्रस्तुत सूचनांचा हेतू आहे.

साधनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मागे रेलणारी खुर्ची, निळसर उजेड आणि यजमानाच्या कपाळावर चिकटवलेल्या चार तारा एवढ्यावर बहुतेक चित्रपटांचे भागले आहे. शास्त्राधार विचारला गेल्यास मात्र प्रवेशकाने माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचे नाव घ्यावे. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ते कवटीपुरती जागा बधिर करून रुग्णास जागे ठेवीत, कारण खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. आणि कानशिलाच्या आतील बाजूस असणाऱ्या शंखखंडाला विजेचा सौम्य स्पर्श केला असता काही रुग्णांना ओळखीचे गाणे ऐकू येई, एखादीला आपल्या मुलाचा अंगणातून येणारा आवाज ऐकू येई. १९६३ साली पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी पेरो यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार शंखखंडाला असा स्पर्श झालेल्या ५२० रुग्णांपैकी ४० जणांना हे अनुभव आले. प्रवेशकाने जाहिरातीत ४० हा आकडा ठळक छापावा. उरलेल्या ४८० जणांचा उल्लेख, तसेच त्या चाळिसांचे अनुभवही पुष्कळदा स्वप्नासारखे तुटक होते हा तपशील, ग्राहकाने आग्रह धरल्याखेरीज करू नये.

प्रत्यक्ष प्रवेशानंतर चौकशीस प्रारंभ करावा आणि या टप्प्यावर क्रियापदांच्या निवडीकडे विशेष लक्ष द्यावे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून त्यांना गाड्यांचा वेग विचारला होता. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' अशा अर्थाचा शब्द प्रश्नात असता सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले, आणि 'जोरात आदळून चुरा झाल्या' अशा अर्थाचा शब्द असता तेच ४० मैलांच्या वर गेले. पुढच्या प्रयोगात वेगळ्या विद्यार्थ्यांना चित्रफितीनंतर आठवड्याने फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का, असे विचारता 'धडकल्या' अशा अर्थाच्या साध्या शब्दाने वेगाचा प्रश्न ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले आणि जहाल शब्दाने ऐकलेल्या ५० पैकी १६. चित्रफितीत काच कुठेच फुटलेली नव्हती. यावरून होतकरू प्रवेशकाच्या ध्यानी येईल, की पुरावा कमी पडत असल्यास यजमानाच्या मेंदूत आणखी खोल उतरण्याचे कष्ट घेण्यापेक्षा प्रश्न बदलून पाहणे सोयीचे आणि स्वस्त पडते.

पायाचे ठसे मागे राहू नयेत, अशी सूचना घरफोडीच्या पाठात असते. परस्मृतिप्रवेशात ती पाळता येत नाही, हे येथे सविस्तर सांगणे भाग आहे. करीम नाडर, ग्लेन शॅफे आणि जोसेफ लडू यांनी २००० साली उंदरांना एक सूर ऐकवून सोबत विजेचा झटका दिला, तेव्हा तो सूर ऐकताच उंदीर भीतीने गोठू लागले. दुसऱ्या दिवशी तो सूर पुन्हा ऐकवून, म्हणजे आठवण जागी करून, लगेच त्यांच्या मेंदूच्या भयकेंद्रात प्रथिनांची निर्मिती रोखणारे ॲनिसोमायसिन हे द्रव्य टोचले असता पुढे ती भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच द्रव्य टोचले असता भीती जशीच्या तशी राहिली. आठवण वर काढली की ती काही काळ मऊ होते आणि पुन्हा नव्याने घट्ट करावी लागते, या क्रियेस पुनर्दृढीकरण म्हणतात. तात्पर्य, स्मृतीची अवस्था सातबाराच्या उताऱ्यासारखी आहे, फरक इतकाच, की येथे उतारा नुसता मागितला तरी फेरफार नोंदला जातो, जुनी नोंद खोडलेली दिसतसुद्धा नाही, आणि हरकत घेण्यासाठी तलाठीही नसतो. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४) या चित्रपटातील लॅक्यूना ही कंपनी नायकाच्या प्रेयसीच्या आठवणी पुसण्याआधी तिच्याशी निगडित एकेक वस्तू त्याच्यासमोर ठेवून त्या आठवणी जाग्या करवते, तेव्हा पटकथाकाराने उंदरांची बाजू नीट अभ्यासली असावी असा भास होतो. या सर्व प्रकारांत यजमानाची मूळ आठवण परत करण्याची हमी प्रवेशकाने लेखी देऊ नये.

आठवण नसलेल्या ठिकाणी ती पेरणे ही वरच्या इयत्तेची विद्या असली, तरी तिला यंत्र लागत नाही, आणि थरारकथाकारांनी त्या यंत्रावर एवढा खर्च का करावा हे समजणे कठीण आहे. लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली २४ जणांना त्यांच्या बालपणीचे चार प्रसंग नातेवाइकांच्या हवाल्याने वाचायला दिले. पैकी लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याचा प्रसंग बनावट होता, तरी सुमारे पाव लोकांना तो पूर्णतः वा अंशतः आठवला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची साक्ष आणि थोडा धीर एवढेच साहित्य यास पुरते.

यजमानाची निवड करताना नव्या आठवणी न टिकणाऱ्या माणसाचा मोह अनेकांना होतो. 'मेमेंटो' (२०००), त्याच धाटणीचा तमिळ 'गजिनी' (२००५) आणि त्याची हिंदी आवृत्ती (२००८) यांनी अशा नायकाच्या अंगावर गोंदण करून घेऊन काम भागवले आहे. प्रत्यक्षात १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी रुजवणाऱ्या भागाचा, बराचसा अंश काढून टाकल्यावर त्याला घडलेले काही क्षणांपलीकडे राहीनासे झाले. तरीही ब्रेंडा मिलनर यांनी आरशात पाहून चांदणीची दुहेरी रेघ गिरवण्याचे काम त्याला दिले, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि आपण हे पूर्वी कधी केले आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. असा यजमान प्रवेशकाला फारसे काही देणार नाही; सहायक म्हणून नेमला तर तो उत्तम काम करील आणि ओव्हरटाइमही मागणार नाही.

शेवटी गुन्हेगार खुद्द प्रवेशकच निघतो, ही या वाङ्मयातील रूढी आता इतकी दृढ झाली आहे, की ती टाळणाऱ्या लेखकाचे हस्तलिखित अपूर्ण समजून परत पाठवले जाण्याचा संभव आहे. म्हणून प्रवेशकाने पहिल्याच दिवशी आपली हकिगत स्वहस्ते लिहून, सही-तारखेनिशी जपून ठेवावी, अशी शिफारस केली असती. परंतु अल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २९ जानेवारी १९८६ रोजी, विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे आणि कशी कळली हे लिहवून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची हकिगत पार बदललेली होती, आणि स्वतःच्याच अक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही त्यांची नवी आठवण मागे हटली नाही. अशा वेळी कागदावरचा साक्षीदार खरा की खुर्चीतला, हा वाद प्रवेशकाने न्यायालयावर सोपवावा.

मानधन आगाऊ घ्यावे. काम फसल्यास किती परत करावे याला फिलिप के. डिक यांच्या १९६६ सालच्या कथेत पूर्वोदाहरण सापडते : मंगळावर गुप्तहेर म्हणून जाऊन आल्याची बनावट आठवण मागणाऱ्या एका कारकुनाच्या मेंदूत ती बसवताना, तो खरोखरच तिथे जाऊन आला आहे असे कंपनीच्या लोकांना आढळते, तेव्हा ते त्याची निम्मी फी परत करतात. उरलेली निम्मी कशाबद्दल ठेवून घेतली, हे ग्राहकाने विचारल्यास सेवाशुल्क असे उत्तर द्यावे.